सड्यावरच्या कॉलनीत झाडं कशी जगवायची

देवगड-मालवण पट्ट्यात आणि वर रत्नागिरीपर्यंत सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, नव्या कॉलन्या उभ्या राहत आहेत. राहायला येणारे बरेचसे मुंबई-पुण्याचे, काही नोकरी संपवून गावाकडे परतलेले. घराचा ताबा मिळाला, रहिवाशांची संस्था झाली, की पहिल्या दोन-तीन सभांतच विषय निघतो: कॉलनी उघडीबोडकी दिसते, झाडं लावू या. आमच्याकडेही तसाच निघाला. ५ जूनला, पर्यावरण दिनाच्या मुहूर्तावर, आम्ही हौसेने शंभरावर रोपं लावली. त्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि बरीचशी पहिल्या दहा दिवसांतच करपली. उरलेल्यांतली काही भर पावसात पिवळी पडून मेली, बाकीची आषाढ-श्रावणात तरारली. पुढच्या मे महिन्यात मोजली तेव्हा नऊ शिल्लक होती.

त्या शंभर रोपांनी जे शिकवलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. कोकणात झाड लावणं सोपं आहे, पावसात काठी रोवली तरी फुटते. अवघड असतात ते डिसेंबर ते मे हे सहा महिने. म्हणून किती झाडं लावायची हे जूनमधल्या उत्साहावर ठरवू नका. मे महिन्यात तुमच्या हातात किती पाणी असेल त्यावर ठरवा. एक झाड स्वतःच्या पायावर उभं राहायला तीन उन्हाळे लागतात. तीन उन्हाळे जितकी जगवता येतील तितकीच लावायची.

जुलैत छत्री घेऊन फिरा

काम सुरू होतं ते लावणीच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात. आमच्याकडे विहिरींची आणि बागांची कामं करणारे एक म्हातारे अण्णा येतात. आमची मेलेली रोपं बघून ते एवढंच म्हणाले, "पानी खय जाता ता आदी बघा, मगे झाड लावा." जुलैत चांगला धो धो पाऊस लागलेला असताना कॉलनीच्या नकाशाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोघा-तिघांनी फेरी मारायची. पाणी कुठून येतं, कुठे वेगाने वाहतं, कुठे गुडघाभर साचतं, कोणाच्या दारात शिरतं, हे पेनाने आखायचं. दोन दिवसांनी उघडीप मिळाली की तीच फेरी पुन्हा. ज्या जागी अजून पाणी आहे तिथे खाली सलग कातळ आहे असं समजा.

हा नकाशा पुढच्या सगळ्या कामाचा आधार आहे. सोनचाफा, आंबा यांच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. ताम्हणाला ओल मानवते. जिथून पाणी वेगाने धावतं तिथे माती टिकत नाही, तिथे आधी उताराला आडवा चर खणून किंवा जांभ्या दगडाचा बुटका गडगा घालून वेग मोडावा लागतो. सिमेंटची पक्की भिंत घालू नका, तिच्यामागे पाणी तुंबतं आणि एके रात्री ती ढकलून देतं. गडग्याच्या फटींतून पाणी निघून जातं, माती मागे राहते.

याच फेरीत आणखी एक गोष्ट बघा. जो सडा मे महिन्यात काळा ठिक्कर, मेलेला वाटतो, त्यावर पावसात किती फुलतं ते. कातळावरच्या दोन-तीन इंच मातीत गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारा दवबिंदू, तेरडा उगवतात. सुरुवातीच्या पावसात पांढऱ्या फुलांची दिपकाडी दिसली तर जपा. ती कोकणातल्या सड्यांचीच वनस्पती आहे, जगात दुसरीकडे मिळत नाही. कॉलनीच्या खुल्या जागेत असा कातळाचा तुकडा असेल तर त्यावर मातीचे डंपर रिकामे करून बाग करू नका. तो तसाच राखा, गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेने चिरे मांडा, एवढंच. मला हे फार मनापासून सांगायचं आहे, कारण आमच्याकडचा असा अर्धा तुकडा आम्ही हिरवळीच्या नादात बुजवला आणि तो परत आणता येत नाही. कातळावर कोरलेल्या रेषा किंवा आकृत्या दिसल्या तर काम तिथेच थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत.

जागा कोणाची, परवानगी कोणाची

मंजूर लेआउटची प्रत आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून खुली जागा, रस्ते आणि गटारांची पट्टी कोणाच्या नावावर आहे ते बघा. रस्ता नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे गेलेला असेल तर त्यांना लेखी अर्ज देऊन, पोचपावती घेऊनच तिथे खणा. वीजवाहिनी आणि पाइप कुठून गेले आहेत तेही विचारा. विजेच्या तारांखाली उंच वाढणारं झाड लावलं तर दर मे महिन्यात ते छाटलंच जाणार.

जुनी झाडं तोडायची वेळ आली तर शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण दिलं आहे. गावच्या हद्दीत आंबा, फणस, जांभूळ यांसारख्या झाडांसाठी १९६४ चा कायदा आहे, त्याची चौकशी वन खात्याच्या कार्यालयात करा. झाड आपल्याच कुंपणात आहे म्हणून परस्पर कुऱ्हाड घालता येत नाही.

सभा गणपतीत घ्या

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. ती गणपतीच्या दिवसांत ठेवली तर घरं बंद करून मुंबईत राहणारेही आलेले असतात आणि नंतर "आम्हाला कोणी विचारलंच नाही" असं कोणी म्हणत नाही. त्या दिवसांत लोक स्वतः माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या मंडपीला, बांधायला रानातली फळं-पानं शोधत आणि गौरीसाठी तेरडा उपटायला हिंडत असतात. तेव्हा तेरडा, हळद, केळ आणि आंब्याचे टाळे आपल्याच कॉलनीत मिळावेत ही गोष्ट कोणालाही पटवून द्यावी लागत नाही.

सभेत नकाशा भिंतीवर लावा आणि तीन गोष्टींचा ठराव नावानिशी लिहून घ्या. पहिली, तीन वर्षं शिंपण्याला माणूस ठेवायचा की पाळ्या लावायच्या. पाळ्या दोन महिने टिकतात हा माझा अनुभव आहे. मार्चपासून मजुरी देऊन माणूस ठेवणं बरं, आणि त्याचा खर्च रोपांच्या खर्चाच्या आधी बाजूला काढा. दुसरी, फळांचं काय. सामाईक जागेत कलमी हापूस लावला तर पाच-सहा वर्षांनी त्यावरून भांडण ठरलेलं. रायवळ आंबा, जांभूळ, रातांबा (कोकम) लावा आणि पडेल ते फळ उचलेल त्याचं, झाडावर चढून कोणी काढायचं नाही, असा नियम आधीच करा. तिसरी, पालापाचोळा. पातेरा जाळायचा नाही, हे सभेतच ठरलं पाहिजे.

पातेऱ्याबद्दल वहिनी-मावश्यांची एक हरकत हमखास येते आणि ती खरी आहे: फुरसं. हा विषारी साप लहान असतो, सड्यावर दगडांच्या फटीत आणि सुक्या पाचोळ्यात राहतो आणि पटकन दिसत नाही. म्हणून पातेरा फक्त झाडांच्या आळ्यात घाला. पायवाट, घराच्या पायऱ्या आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दहा फूट पट्टा झाडून स्वच्छ ठेवा. चिऱ्यांचे ढीग पडून राहू देऊ नका, काम करताना गमबूट घाला, गडग्यात हात घालू नका, रात्री बॅटरीशिवाय फिरू नका. साप चावला तर वेळ न घालवता सरळ रुग्णालय. इतकं ठरवून दिलं की हरकत घेणारेच पुढे देखरेख करतात.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब कागदावर करा. एका रोपाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा लिटर, म्हणजे एक बादली. चाळीस रोपांना आठवड्याचे १,२०० लिटर. डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंत साधारण २६ आठवडे धरले तर ३१,२०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीनेक टँकर. एवढं बहुतेक कॉलन्यांना झेपतं. आता हजार चौरस फूट लॉनचा विचार करा. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी धरलं तरी आठवड्याला ३,२०० लिटरच्या वर जातं, चाळीस झाडांच्या अडीचपटीहून जास्त. एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवणाऱ्या कॉलनीने लॉन लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसात सड्यावर आपोआप येणारं गवत दोन-तीनदा कापलं तर ऑक्टोबरपर्यंत त्याहून सुंदर दिसतं.

आणि इथेच दुसरा आकडा लक्षात घ्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या एका छपरावर पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी येतं आणि गटारातून समुद्राला जातं. ते सगळं साठवता येणार नाही, पण छपराचे पाइप गटाराऐवजी शोषखड्ड्यात आणि झाडांच्या वरच्या अंगाच्या चरात सोडता येतात. जांभा सच्छिद्र असतो, मुरलेल्या पाण्याचा फायदा उताराखालच्या विहिरींनाही होतो. कपडे धुतलेलं दुसरं-तिसरं पाणी करंज, कण्हेर, केळीला चालतं. मडक्याला तळाशी भोक पाडून, त्यात सुतळीची वात घालून रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं तर पाणी जवळजवळ निम्म्यावर येतं. माकडं मडकी उपसतात, तेव्हा वर चपटा दगड ठेवा.

कोणती झाडं

रोपवाटिकेत गेलात तर गुलमोहर, बॉटल पाम आणि भराभर वाढणारं कोनोकार्पस पुढे करतील. गुलमोहर मादागास्करचा, त्याची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाचोळा लवकर कुजत नाही आणि तिच्याखाली फारसं काही उगवत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाला घासून गेलं. आपल्या किनाऱ्यावर झाड निवडताना वाऱ्याचा विचार पहिला.

समुद्र दिसतो त्या बाजूला, खारा वारा थेट येतो तिथे, उंडी, भेंड आणि करंज. उंडी सावकाश वाढते, पण पुढे तिच्यासारखी दाट सावली आणि पांढऱ्या फुलांचा वास दुसऱ्या झाडाला नाही. पूर्वी तिच्या बियांचं तेल दिव्याला आणि होड्यांना वापरत. या तिघांची रांग पहिल्या वर्षी लावा. तिच्या आडोशाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नाजूक झाडं येतात.

रस्त्याच्या कडेला बकुळ. वर्षभर हिरवी, मुळं शांत, मोठी फांदी सहसा मोडत नाही, आणि पहाटे फुलं वेचायला मुलं-आजी दोघं येतात. सुकं, उघडं, कातळाचं टोक असेल तिथे बहावा, पळस, पांगारा, काटेसावर. ही झाडं उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवतात आणि सगळं रखरखीत असताना फुलतात. पावसाचं पाणी जातं त्या पऱ्याच्या काठाला ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल, मे महिन्यात जांभळं होतं. सीता अशोक सड्यावर उघड्यावर लावू नका, त्याला सावली आणि ओल लागते. विहिरीच्या बाजूला, दोन घरांच्या मधल्या थंड जागेत तो छान येतो.

रातांबा लावायचा तर एक गोष्ट माहीत हवी. त्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेलं रोप नर निघालं हे कळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून कलमच घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता ही जात दिली आहे. विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडे आणि मुळद्याच्या उद्यानविद्या महाविद्यालयाकडे चौकशी करा. देशी जंगली झाडांची रोपं सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत स्वस्तात मिळतात, मात्र मागणी मार्चमध्येच नोंदवा. जूनमध्ये गेलात तर जे उरलं असेल तेच घ्यावं लागतं.

सुरंगी निदान एक तरी लावा. वेंगुर्ला तालुक्यात आरवली-सोन्सुरे भागात तिच्या कळ्यांच्या वळेसरांवर (गजऱ्यांवर) कित्येक घरांचा उन्हाळा चालतो. फुलायला पुष्कळ वर्षं घेते, हे सांगूनच लावा.

नारळ मात्र घरं, रस्ते आणि गाड्या यांपासून दूर. दोन माडांत २५ फूट अंतर ठेवा. वड, पिंपळ, उंबर खुल्या जागेच्या टोकाला एखादं असावं, टाकी, विहीर आणि सेप्टिक टँकच्या जवळ कधीही नाही. जांभूळ पार्किंगवर नको.

कुंपणाला करवंद, निर्गुडी, अडुळसा. निर्गुडी-अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत आणि करवंदाला काटे. खालच्या थराला जास्वंद, तगर, अनंत, अबोली, कुडा. हे घरोघरच्या परड्यातून फांद्या आणून फुकट होतं. बाहेरून विकत आणण्याआधी शेजारच्या वाडीत विचारा.

खड्डे एप्रिलमध्ये

पाऊस सुरू झाल्यावर खड्डे खणणं म्हणजे चिखल कालवणं. एप्रिलमध्ये खणा, महिनाभर ऊन खाऊ द्या. माती असेल तिथे दोन फूट लांब-रुंद-खोल पुरतो, मोठ्या झाडाला तीन फूट. कातळ लागला तर ब्रेकर लावावा लागतो. घरांजवळ सुरुंग लावायचा विचारही नको.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. खणलेल्या खड्ड्यात संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा आणि सकाळी बघा. जिरलं असेल तर उत्तम. तसंच उभं असेल तर तो खड्डा म्हणजे दगडी डोणी आहे, पावसात रोपाची मुळं त्यात कुजणार. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढून पाण्याला वाट द्या, नाहीतर जागा बदला. आमची पहिल्या वर्षीची जी रोपं भर पावसात पिवळी पडून मेली ती याच डोण्यांमध्ये होती, आणि आम्ही मात्र खत कमी पडलं असं समजत होतो.

भरताना तळाला सुका पातेरा, मग माती आणि दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. ओलं शेण घालू नका, आणि शेणाचा ढीग माडांजवळ साठवू नका, कारण गेंड्या भुंगा तिथेच वाढतो. माती विकत घेतलीत तर ती कुठून आली आणि वाहतुकीचा परवाना आहे का ते विचारा. कोणाच्या तरी शेताची किंवा डोंगराची साल काढून आपली बाग करायची नाही. खड्डा जमिनीच्या वर अर्धा फूट उंच भरा, पावसात माती बसते.

लावणी

मृगाची पहिली सर आली म्हणून धावू नका. माती हातभर खोल भिजली आणि पाऊस चार-पाच दिवस सलग लागला की, साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, लावा. रोप दोन-तीन फुटांचं, खोड पेन्सिलीपेक्षा जाड. सहा फुटांचं मोठं रोप दिसायला छान, पण काळ्या पिशवीत त्याची मुळं गोल गुंडाळलेली असतात आणि ते पुढे वाऱ्यात टिकत नाही. पिशवी पूर्ण फाडून काढा, वेटोळं झालेली मुळं सोडवा किंवा कात्रीने कापा. कलम असेल तर जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. बांबूची काठी रोपाला टेकवून न लावता अर्धा फूट दूर, वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि आठच्या आकाराची सैल गाठ मारा. पावसात आळं करू नका, उलट बुंध्याभोवती मातीची भर द्या.

बुंध्याभोवती चारही बाजूंनी निदान तीन फूट माती मोकळी ठेवायची, हे पेव्हर ब्लॉक घालणाऱ्याला आधीच सांगा. बसायला पार हवा असेल तर चिरे नुसते मांडा, सांध्यात सिमेंट भरू नका.

पाऊस गेल्यावर

दसऱ्याच्या सुमारास खरी कामं सुरू होतात. भर काढून आता आळं करा. त्यात चार बोटं जाड पातेरा, त्यावर नारळाची सोडणं पालथी मांडा. सोडणं पाणी धरून ठेवतात आणि आपल्याकडे ती घरोघर पडून असतात. दुपारनंतरचं ऊन येतं त्या बाजूला झापाचा (विणलेल्या झावळ्यांचा) आडोसा उभा करा, पहिले दोन उन्हाळे तरी. भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, त्याच्या आत कुंपण पुरं झालं पाहिजे.

जानेवारीत कॉलनीच्या हद्दीवरचं सुकं गवत कापून दहा फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा करा. सड्यावर वणवा वाऱ्याबरोबर कसा धावतो हे एकदा पाहिलं की हे काम कोणी टाळत नाही. गवत कापून न्यायला शेजारच्या गुरं असलेल्या घरांना बोलवा, त्यांना वैरण मिळते, आपला पट्टा साफ होतो.

प्रत्येक रोपाला नंबर द्या आणि एका वहीत लिहा: झाड कोणतं, कधी लावलं, मेलं तर कधी आणि कशाने. समिती दर काही वर्षांनी बदलते, वही राहते. मेलेल्या जागी तेच रोप पुन्हा लावण्याआधी वही उघडून कारण बघा.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, दुसऱ्यात एकदा पण दीडपट. तिसऱ्यात पंधरा दिवसांनी एकदा, आणि ते बुंध्याशी न घालता फांद्यांच्या घेराखाली, म्हणजे मुळं बाहेरच्या बाजूला पसरतात. चौथ्या डिसेंबरात त्यांचं पाणी बंद करा. तोच माणूस, तेच तीन टँकर पुढच्या चाळीस रोपांकडे वळवा, मात्र त्यांचे खड्डे त्याआधीच्या एप्रिलमध्ये खणून, पाणी भरून तपासलेले हवेत.